हरभऱ्याला शेणखत आणि रासायनिक खत एकत्र द्यायचं तर कपात कशात आणि किती?

काळीमाती यांचा प्रश्न:

जमीन भारी, काळी, थोडी चुनखडीची. हरभऱ्याची शिफारस हेक्टरी 25 किलो नत्र, 50 किलो स्फुरद, 30 किलो पालाश. माती परीक्षणाचे आकडे असे: सामू (पीएच) 7.9, सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के, उपलब्ध स्फुरद (ओल्सन पद्धत) हेक्टरी 9 किलो, पालाश हेक्टरी 340 किलो, गंधक 8 पीपीएम (दशलक्षात 8 भाग), जस्त 0.5 पीपीएम. एकरी दोन टन शेणखत घालता येईल.

जिकडेतिकडे '75 टक्के रासायनिक, बाकीचं सेंद्रिय आणि जिवाणू खत' असं वाचायला मिळतं. पण ही 25 टक्के कपात नत्र, स्फुरद, पालाश या तिघांतही सारखीच करायची का? शेणखत आणि सुपर फॉस्फेट एकत्र मिसळून दिलं तर चालतं का? आणि बियाण्याला बुरशीनाशक, रायझोबियम (मुळांच्या गाठीत हवेतला नत्र बांधणारा जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) हे सगळं लावायचं असेल तर क्रम काय?

---

स्फुरद_आणि_मुळं यांचं उत्तर:

तिन्हीत सारखी कपात करू नका. तुमचा अहवालच सांगतोय की तिघांचं गणित वेगवेगळं आहे. आकडे एकरी घेतो, म्हणजे कामाला सोपं पडेल. शिफारस होते 10 किलो नत्र, 20 किलो स्फुरद, 12 किलो पालाश.

आधी शेणखतात काय आहे ते पाहू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र, 0.2 टक्के स्फुरद आणि अर्धा टक्का पालाश धरतात. म्हणजे दोन टनांत 10 किलो नत्र, 4 किलो स्फुरद, 10 किलो पालाश. पण कागदावरचे 10 किलो नत्र पहिल्याच हंगामात पिकाच्या हाती लागत नाही. त्यातलं साधारण एक तृतीयांश मोकळं होतं, बाकीचं पुढच्या पिकांना. पालाश मात्र पाण्यात सहज विरघळतो, तो बहुतेक सगळा लवकर मिळतो.

आता एकेक घेऊ.

नत्र: शेणखतातून तीनेक किलो मिळेल. राहिले सात. त्यासाठी 15 किलो युरिया पुरे. हरभऱ्याला नत्र फक्त पहिल्या तीन-चार आठवड्यांची सोय म्हणून लागतो, मुळांवरच्या गाठी कामाला लागेपर्यंत. त्याहून जास्त दिला तर रोप फुकटचा नत्र उचलतं आणि गाठी बनवायची तसदीच घेत नाही. मातीत नायट्रेट भरपूर असलं की गाठी कमी पडतात आणि असलेल्यांचं कामही मंदावतं.

पालाश: हेक्टरी 340 म्हणजे भरपूर. त्यात शेणखतातून 10 किलो येतोय. यंदा म्युरेट ऑफ पोटॅश पूर्ण वगळा.

स्फुरद: इथे एक किलोही कापू नका. हेक्टरी 10 किलोच्या खाली म्हणजे जमीन स्फुरदात गरीब. (अहवालात आकडा 'पी' म्हणजे नुसत्या फॉस्फरसचा आहे की 'पी टू ओ फाइव्ह' म्हणजे त्याच्या ऑक्साइडचा, ते बघून घ्या. एक किलो पी म्हणजे 2.29 किलो पी टू ओ फाइव्ह. तुमच्या बाबतीत कसंही धरलं तरी निष्कर्ष तोच.) गाठीतल्या जिवाणूंना हवेतला नत्र बांधायला प्रचंड ऊर्जा लागते, नत्राच्या एका रेणूमागे एटीपीचे (पेशीत ऊर्जा वाहणारं संयुग) किमान 16 रेणू खर्च होतात, आणि एटीपी स्फुरदाशिवाय बनत नाही. कडधान्याचा स्फुरद तोडला की नत्रही आपोआप तुटतो. म्हणून पूर्ण 20 किलो, म्हणजे 16 टक्क्यांचं सिंगल सुपर फॉस्फेट 125 किलो. त्यातून 13-14 किलो गंधकही येतं. तुमचं गंधक 10 पीपीएमच्या खाली आहे, तो प्रश्न तिथेच सुटतो.

75 टक्क्यांचा नियम चुकीचा नाही, पण तो मध्यम सुपीक जमिनीसाठी आहे. स्फुरद मध्यम पातळीवर आला की मग त्यात चौथाई कापा.

सेंद्रिय खताचं या जोडीतलं खरं काम नत्र पुरवणं नाहीच. चुनखडीच्या जमिनीत सुपर फॉस्फेट टाकलं की त्यातला विद्राव्य स्फुरद कॅल्शियमशी बांधला जाऊन हळूहळू न विरघळणाऱ्या रूपात जातो. कुजलेल्या खतातली सेंद्रिय आम्लं ही बांधणी लांबवतात आणि मुळांना उचलायला वेळ मिळतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मिसळून दिलं तर चालतं का नव्हे, मिसळूनच द्या.

---

चाड्यावरची_नजर यांचं उत्तर:

वरच्या हिशेबाशी सहमत. मिसळायचं कसं ते सविस्तर लिहितो, कारण गडबड तिथेच होते.

दोन टनांपैकी सगळं शेणखत सुपरमध्ये मिसळायचं नाही. 1700 किलोच्या आसपास शेणखत पेरणीआधी दोन-तीन आठवडे शेतभर पसरून शेवटच्या वखरणीत मातीआड करा. पसरलेलं शेणखत उन्हात पडून राहिलं तर त्यातला अमोनिया उडून जातो. पसरणं आणि मातीआड करणं एकाच दिवशी व्हायला हवं.

उरलेलं 250 ते 300 किलो, सगळ्यात चांगलं कुजलेलं, चाळून घ्या. त्यात 125 किलो सुपर फॉस्फेट थर देत मिसळा. ओल इतकी ठेवा की मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. सावलीत ढीग करून ओल्या गोणपाटाने झाका. दहा ते पंधरा दिवस पुरेत, मध्ये एकदा वरखाली करा.

पेरणीच्या तीन-चार दिवस आधी हात घालून बघा. ढीग गार असेल तरच पीएसबी मिसळा, एकरी दोन किलो. गरम ढिगात जिवाणू घातले तर मरतात.

या ढिगात काय घालू नये:

- युरिया. युरिया आणि सुपर एकत्र आले की मिश्रणाला पाणी सुटतं आणि चिखल होतो. युरिया वेगळाच द्या, फार तर पेरणीच्या दिवशी मिसळून लगेच संपवा.
- राख किंवा चुना. दोन्ही अल्कधर्मी. शेणखतातला नत्र अमोनिया होऊन उडतो आणि सुपरमधला विद्राव्य स्फुरदही अडकतो.
- झिंक सल्फेट. स्फुरदाशी त्याचं जमत नाही, झिंक फॉस्फेट होऊन दोन्ही वाया जातात. तुमचं जस्त 0.6 पीपीएमच्या खाली आहे, तेव्हा एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्यायलाच हवं. ते शेतभर पसरायच्या 1700 किलो शेणखतात मिसळा. एकदा दिलं की दोन-तीन वर्षं परत नको.

देताना मोठी अडचण येते ती चाड्यात, म्हणजे नळ्यांच्या वर खत भरायच्या भांड्यात. ओलसर खत खताच्या चाड्यात कमान धरतं, वरून भरलेलं दिसतं आणि खाली नळी रिकामी. ओळीच्या ओळी खताविना जातात आणि ते महिन्याभराने पिवळ्या पट्ट्यांतून कळतं. म्हणून आदल्या दिवशी सावलीत पसरून भुरभुरीत करा, चार-पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि पेरताना दर दोन-तीन तासांनंतर नळ्या तपासा. पेरणी यंत्रात बसतच नसेल तर सरीत हाताने सोडून मग बी पेरलं तरी चालेल.

खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला पाच सेंटिमीटरवर पडलं पाहिजे. सुपर फॉस्फेट आम्लधर्मी असतं. बियाण्याला चिकटून पडलं तर लावलेलं रायझोबियम तिथेच संपतं.

---

काळीमाती:

खूप उपयोगी माहिती. एक विचारतो. सुपरऐवजी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घेतलं तर पोती कमी वाहावी लागतात. तसं केलं तर काय बदलेल?

---

स्फुरद_आणि_मुळं:

20 किलो स्फुरदासाठी डीएपी 43-44 किलो लागेल. त्यातून 8 किलोच्या जवळपास नत्र येतो, म्हणजे युरिया वेगळा द्यायची गरजच नाही. इथपर्यंत फायदा आहे. पण गंधक शून्य. तुमच्या अहवालात गंधक कमी आहे, तेव्हा ते वेगळं द्यावंच लागेल. जिप्सम एकरी 50-60 किलो, नाहीतर बेंटोनाइट गंधक नऊ-दहा किलो. बेंटोनाइटमधलं गंधक मूलरूपात असतं, मातीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय पीक ते घेऊ शकत नाही. म्हणून ते पेरणीआधी तीन-चार आठवडे मातीत जायला हवं. वेळ हातात नसेल तर जिप्सम.

दुसरं म्हणजे डीएपीच्या दाण्याभोवती सुरुवातीला सामू वाढतो आणि अमोनिया सुटतो. तुमची जमीन आधीच 7.9. बियाण्याजवळ पडलं तर कोवळं मूळ भाजतं. अंतर पाळलं तर डीएपीने काही बिघडत नाही. डीएपी शेणखतात मिसळून पंधरा दिवस ठेवू मात्र नका, नत्र उडेल. मिसळायचंच असेल तर पेरणीच्या दिवशी.

गंधकात कमी पडलेल्या जमिनीत माझा कौल सुपरलाच.

---

गाठ_लाल_हवी यांचं उत्तर:

बीजप्रक्रियेचा क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक (लागणार असेल तर), शेवटी जिवाणू. हा क्रम उलटा झाला तर जिवाणूंवर औषधाचा थर बसतो.

बुरशीनाशक जिवाणूंच्या किमान एक दिवस आधी लावून बियाणं सुकवून ठेवा. तांबेयुक्त बुरशीनाशक रायझोबियमला फार मारक आहे, ते बियाण्याला नकोच. मर रोगाचा त्रास फार नसेल तर रासायनिक बुरशीनाशकाऐवजी ट्रायकोडर्मा, किलोला 4-5 ग्रॅम, लावा. त्याचं रायझोबियमशी पटतं.

जिवाणू लावताना 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम आणि 250 ग्रॅम पीएसबी. चिकटण्यासाठी गुळाचं पाणी. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. 10 किलो बियाण्याला त्यातलं 300 ते 400 मिलि पुरतं. आधी द्रावणात संवर्धक (पाकिटातलं जिवाणू खत) कालवून मग बियाण्यावर ओतून हलक्या हाताने चोळा. पाणी जास्त झालं की बी फुगतं, साल सुटते आणि पेरताना डाळ होते. सोयाबीन आणि भुईमुगात तर हे आणखी लवकर होतं. सावलीत पातळ पसरून सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. दुपारच्या उन्हात बांधावर ठेवलेलं पेरणीचं बी म्हणजे लावलेले जिवाणू गेलेच समजा.

रायझोबियम हरभऱ्याचंच घ्या. हरभऱ्याचा जिवाणू मेसोरायझोबियम. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा गट वेगळा, सोयाबीनचा वेगळा, वाटाणा-मसूर यांचा वेगळा. तुरीचं पाकीट हरभऱ्याला लावलं तर गाठी येणार नाहीत. पाकिटावर पिकाचं नाव आणि वापराची अंतिम तारीख, दोन्ही वाचा. ज्या शेतात हरभरा पूर्वी कधीच झालेला नाही तिथे तर जिवाणू लावल्याशिवाय पेरूच नका.

बियाणं विकत आणलेलं आणि आधीच रंगीत औषध लावलेलं असेल तर त्यावर जिवाणू लावण्यात अर्थ नाही. तेव्हा एकरी दोन किलो रायझोबियम 50 किलो चाळलेल्या ओलसर कुजलेल्या खतात मिसळा आणि बियाण्याच्या ओळीत सोडा. हे खत सुपरच्या मिश्रणापासून वेगळं ठेवायचं.

---

अर्ध_कुजलेलं:

शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर काय होतं? आणि शेणखत कमी पडलं तर कोंबडीखत चालेल का?

---

स्फुरद_आणि_मुळं:

अर्धवट कुजलेल्या खतात काडीकचरा जास्त, म्हणजे कर्ब-नत्र गुणोत्तर 30 च्या वर. ते कुजवायला लागणारा नत्र जिवाणू मातीतूनच उचलतात आणि हरभऱ्याची रोपं तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडतात. शेतकरी मग युरिया फेकतो, पिवळेपणा जातो, आणि गाठीही जातात. शिवाय हुमणी, वाळवी आणि तणाचं बी हे सगळं त्याच खतातून येतं. तपासणी सोपी आहे. ढिगाच्या मध्यात लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर गरम लागली किंवा शेणाचा उग्र वास आला, तर खत तयार नाही. तयार खत काळपट, भुरभुरीत असतं आणि त्याला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

कोंबडीखतात तीनेक टक्के नत्र असतं आणि ते फार लवकर मोकळं होतं. शेणखताच्या हिशेबाने एकरी दोन टन टाकलं तर 60 किलो नत्र झाला, शिफारशीच्या सहापट. पीक हिरवंगार, उंच, शाखाच शाखा, आणि घाटे कमी. कुजवून घेतलेलं असेल तर एकरी दोन-अडीच क्विंटलपर्यंत ठेवा आणि मग युरिया वगळा.

---

गाठ_लाल_हवी:

एवढं सगळं केल्यावर ते लागू पडलं की नाही, हे बघायची जागा म्हणजे मूळ. पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी, वापसा असताना, शेताच्या पाच-सहा ठिकाणांहून झाडं घ्या. उपटू नका. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात आणि 'गाठीच नाहीत' असा समज होतो. कुदळीने वीतभर खोल मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत पाण्यात अर्धा तास ठेवा, माती आपोआप सुटेल.

मग गाठ ब्लेडने मधोमध कापा. आत लाल किंवा गुलाबी दिसली तर ती नत्र बांधतेय. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळचं प्रथिन. ते गाठीत प्राणवायूचा पुरवठा बेताचा ठेवतं, कारण जास्त प्राणवायूत नत्र बांधणारं विकर निकामी होतं. आत पांढरी असेल तर गाठ कोवळी आहे किंवा जिवाणू कुचकामी जातीचा. हिरवी-तपकिरी असेल तर गाठ म्हातारी झाली. दाणे भरताना हिरवी दिसणं स्वाभाविक आहे, 40 व्या दिवशी नाही.

मुख्य मुळावर, वरच्या भागात मोठ्या लाल गाठींचा घोस असेल तर बियाण्याला लावलेले जिवाणू लागले. बारीक गाठी फक्त दूरच्या तंतुमुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीतल्याच जिवाणूंच्या.

गाठी कमी असतील तर कारण या क्रमाने शोधा: पाणी साचलं होतं का (गाठीला हवा मिळाली नाही की ती कुजते), नत्र जास्त झाला का, बियाण्यावर कोणतं औषध होतं, स्फुरद मुळांपर्यंत पोचला का. भारी काळ्या जमिनीत पहिलंच कारण सर्रास सापडतं. मग कितीही जिवाणू खत ओतलं तरी फरक पडणार नाही. चर काढून पाणी बाहेर काढणं हाच इलाज.

---

चाड्यावरची_नजर:

यात तीन गोष्टींची भर.

कोवळी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो नत्राचा अभाव नाही, लोहाचा आहे. चुनखडीच्या जमिनीत हे ठरलेलं. फेरस सल्फेट अर्धा टक्का, म्हणजे लिटरला 5 ग्रॅम, सोबत लिटरला 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल. दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. नत्राच्या अभावात खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. युरिया हातात घेण्याआधी एवढं बघा.

मॉलिब्डेनमबद्दल कुणी ना कुणी विचारेलच. नत्र बांधणाऱ्या विकरात ते असतं हे खरं, पण त्याची कमतरता आम्ल जमिनीत येते. सामू 7.9 ला ते आपोआप उपलब्ध असतं, वेगळं घालू नका. चाऱ्यात ते जास्त झालं तर जनावरांत तांब्याची कमतरता होते.

फुलोऱ्यात आणि घाटे भरताना 2 टक्के युरियाची फवारणी उपयोगी पडते, विशेषतः ओल कमी असेल तर. त्या वेळी झाड आपलं अन्न घाट्यांकडे वळवतं, गाठी उपाशी पडतात आणि नत्राचा पुरवठा घटतो. 200 लिटर पाण्याला 4 किलो युरिया, सकाळी किंवा संध्याकाळी.

---

काळीमाती:

शेवटचा प्रश्न जमिनीबद्दल. असं दरवर्षी केलं तर 0.42 चा कर्ब किती वर्षांत 0.6 होईल? आणि कडधान्य घेतलं म्हणजे जमिनीत नत्र शिल्लक राहतोच ना?

---

स्फुरद_आणि_मुळं:

आकड्यांत सांगतो. हेक्टरी वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन साधारण 22 लाख किलो. तिच्यात 0.1 टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे 2200 किलो कर्ब टिकून राहायला हवा. हेक्टरी पाच टन शेणखतात निम्मं पाणी, उरलेल्या कोरड्या भागात कर्ब साधारण 700-750 किलो, आणि वर्षभरात त्यातला बराचसा श्वसनात निघून जातो. एक तृतीयांश टिकला तरी दहा वर्षांच्या आसपासचा हिशेब होतो, तोही फक्त 0.1 टक्क्याचा. म्हणून एकट्या शेणखतावर 0.6 गाठायची अपेक्षा धरू नका. पिकाचे अवशेष शेतातच राहिले तर वेग वाढतो. मातीची भुसभुशीत घडण आणि पाणी मुरणं मात्र कर्बाच्या आकड्याच्या कितीतरी आधी सुधारतं.

नत्राचं म्हणाल तर तो शिल्लक राहतोच असं नाही. हेक्टरी 20 क्विंटल हरभऱ्याच्या दाण्यातून 65-70 किलो नत्र शेताबाहेर जातो. झाडाने हवेतून घेतलेला बराचसा नत्र त्यातच संपतो. शेतासाठी उरतं ते झडलेल्या पानांत, मुळांत आणि भुसकटात. झाडं मुळासकट उपटून खळ्यावर नेली आणि भुसकटही परत आलं नाही तर नत्राचा हिशेब तोट्यातही जाऊ शकतो. विळ्याने जमिनीलगत कापा, मुळं तिथेच राहू द्या, आणि भुसकटाचा जेवढा भाग परत पसरता येईल तेवढा पसरा. जनावरांना घातलं असेल तर त्यांचं शेण त्याच शेतात परत यावं.

---

चाड्यावरची_नजर:

आणि पहिल्याच वर्षी तुलनेसाठी पट्टे सोडा. एक पट्टा पूर्ण रासायनिक 25:50:30 चा, एक वर ठरलेल्या जोडीचा, एक फक्त शेणखत-जिवाणूंचा. प्रत्येक पट्टा निदान आठ-दहा ओळींचा, कापणी मधल्या ओळींचीच, कारण कडेच्या ओळी शेजारचं खत ओढतात. पट्टे उताराच्या दिशेने वरपासून खालपर्यंत आखा. आडवे आखले तर खालच्या पट्ट्याला जास्त ओल आणि वरून वाहून आलेली माती मिळते, आणि मग फरक खताचा की ओलीचा हे सांगता येत नाही.